समोरच्या खुर्चीत कोण बसलंय

चित्रात दोघीजणी आहेत. पुढे चित्रकार स्वतः, काम करता करता समोर रोखून बघणारी, केस त्या काळच्या बर्लिनमधल्या नव्या पोरींसारखे आखूड कापलेले. तिच्या मागे तिची मॉडेल उभी आहे, चित्रकाराच्या खांद्यावर हात ठेवून, चित्र कुठवर आलंय ते बघत असल्यासारखी. मॉडेलनं खरं तर असं उठून यायचं नसतं. सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या पोझमध्ये बसायचं, विश्रांतीची वेळ झाली की अंगावर काहीतरी ओढून घ्यायचं, पाय मोकळे करायचे, पुन्हा जागेवर यायचं. इथे ती थेट ईझलपाशी आली आहे आणि चित्रकाराला त्यात काहीच वावगं वाटत नाही. चित्राचं नाव 'मी आणि माझी मॉडेल', साल १९२९-३०, शहर बर्लिन. चित्रकार लोटे लाझरश्टाईन, मॉडेल ट्राउटे रोझे.

या चित्राचा प्रिंट माझ्या कामाच्या टेबलासमोर टाचलेला आहे. मी व्यक्तिचित्रं करते, आणि तीही कमिशनची. कुणाच्या वडिलांची पंचाहत्तरी असते, कुठल्या संस्थेला संस्थापकांचं तैलचित्र सभागृहात लावायचं असतं, कुणाची आई नुकतीच गेलेली असते. बहुतेक कामं फोटोवरून. या कामाला चित्रकारांच्या जगात फारसा मान नाही, हे मला शिकत असल्यापासून माहीत आहे. 'पोर्ट्रेट करून पोट भरते' हे वाक्य आमच्यात कौतुकानं कुणी म्हणत नाही. त्यामुळे लोटेबद्दल वाचताना एक गोष्ट मला सतत टोचत राहिली. तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण बर्लिनमधल्या दहा वर्षांवर भरभरून लिहितात आणि पुढच्या पन्नासाहून अधिक वर्षांवर आले की आवाज खाली करतात. स्वीडनमध्ये गेल्यावर ती पोटासाठी पोर्ट्रेटं करत राहिली, धार गेली, असा एकूण सूर. धार गेली हे काही अंशी मलाही दिसतं. ती का गेली, याचं जे कारण दिलं जातं ते मात्र मला पटत नाही.

लोटेचा जन्म २८ नोव्हेंबर १८९८चा, पूर्व प्रशियातल्या प्रॉयसिश हॉलंड या छोट्या गावातला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव आहे पासवेंक. वडील औषधविक्रेते, लोटे चारएक वर्षांची असतानाच गेले. आई मेटा दोन मुलींना घेऊन माहेरच्या आधारानं राहिली. डान्झिगला मावशी एल्सा बिर्नबाउम चित्रकलेचे वर्ग घ्यायची, तिथेच लोटेच्या हातात पहिल्यांदा पेन्सिल आली. घरात कर्ता पुरुष नाही, सगळ्या बायकाच. आणि एक बाई चित्रकला शिकवून चार पैसे मिळवते आहे, हे मुलीला रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. १९१२ मध्ये कुटुंब बर्लिनला आलं.

बर्लिनच्या कला अकादमीची दारं मुलींना १९१९ मध्ये उघडली. त्याआधी चित्रकार व्हायचं असेल तर खासगी वर्गाला जायचं, जादा फी भरायची आणि नग्न मॉडेलसमोर बसून शिकण्याची संधी मिळाली तर मिळाली. मानवी शरीर ज्यांनी नीट अभ्यासलेलं नाही त्यांनी मोठी चित्रं कशी करायची? फुलं करा, मुलं करा, फार तर जवळच्या नात्यातल्या बायकांचे चेहरे करा, असा तो हिशोब. लोटेनं १९२१ मध्ये अकादमीत प्रवेश घेतला, म्हणजे मुलींच्या अगदी पहिल्या तुकड्यांपैकी ती एक. महागाईनं कळस गाठलेला काळ, पाव घ्यायला नोटांची पुडकी लागायची. तशात ती एरिश वोल्फ्सफेल्ड यांच्या हाताखाली शिकली. उत्तम रेखांकन करणारा, जुन्या वळणाचा, माणसाच्या शरीरावर प्रेम असलेला शिक्षक. १९२५ मध्ये तिला अकादमीचं सुवर्णपदक मिळालं, १९२७ मध्ये शिक्षण संपलं आणि तिनं बर्लिनच्या विल्मर्सडोर्फ भागात स्वतःचा स्टुडिओ थाटला. तिथेच विद्यार्थी घ्यायला सुरुवात केली. भाडं त्यातूनच निघायचं.

त्या वेळच्या बर्लिनमध्ये कलेच्या नावाखाली काय काय चाललं होतं ते बघितलं की लोटेचा हट्ट लक्षात येतो. ओट्टो डिक्स आणि गेऑर्ग ग्रोस माणसाचा चेहरा पिळून काढून त्यातला ओंगळपणा वर आणत होते. कुणी कागद फाडून चिकटवत होतं, कुणी आकृतीच मोडून टाकली होती. लोटे मात्र तैलरंगात, नीट प्रमाणात, डोळ्यांना दिसतो तसा प्रकाश धरून माणसं रंगवत होती. जुनं तंत्र आणि समोर बसलेली माणसं अगदी कालपरवाची. कॅफेत एकटी बसलेली बाई. मोटारसायकलवाला चामड्याच्या पोशाखात. टेनिस खेळणारी मुलगी. हातातल्या पावडरच्या डबीच्या आरशात स्वतःला बघणारी रशियन मुलगी. हे चित्र १९२८ मध्ये एलिडा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं भरवलेल्या 'सर्वांत सुंदर जर्मन स्त्रीचं व्यक्तिचित्र' अशा स्पर्धेत निवडक चित्रांत पोचलं होतं. कॅफेतल्या एकट्या बाईचं चित्र बर्लिन शहरानं विकत घेतलं. १९३१ मध्ये गुर्लिटच्या गॅलरीत तिचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. तिशी नुकती ओलांडलेली, नाव होत चाललेलं, पुढची वाट स्पष्ट दिसत होती.

आणि या सगळ्या काळात तिच्यासमोर सतत ट्राउटे होती. विशीच्या मध्यावर दोघींची ओळख झाली. ट्राउटे खेळाडू अंगाची, रुंद खांद्यांची, स्वतःच्या शरीरात आरामात वावरणारी मुलगी. पुढे तिचं लग्न झालं, रोझे हे आडनाव त्यानंतरचं. दोघींच्या नात्याचं स्वरूप नेमकं काय होतं यावर अभ्यासकांनी पुष्कळ तर्क केले आहेत. मला त्या तर्कांची गरज वाटत नाही, कारण जे महत्त्वाचं आहे ते चित्रांत उघड दिसतं.

१९२८ चं 'माझ्या स्टुडिओत' बघा. चित्राच्या अगदी पुढच्या कडेला, जवळजवळ आपल्या हाताला लागेल इतक्या जवळ, ट्राउटे नग्नावस्थेत आडवी झाली आहे. तिच्या मागे लोटे ईझलपुढे कामात. तिच्याही मागे मोठी काचेची खिडकी आणि खिडकीबाहेर बर्फ पडलेली विल्मर्सडोर्फची छपरं. आडवी झालेली व्हीनस म्हटलं की युरोपातल्या चित्रांत जे काही येतं, मखमल, गुबगुबीत हात, बघणाऱ्याला बोलावणारी नजर, त्यातलं इथे काही नाही. पोटाचा स्नायू दिसतो, मांडीचं वजन खाली गादीवर पडलेलं दिसतं, पावलं चालून-पळून तयार झालेली. ही बाई थोड्या वेळानं उठून, कपडे घालून टेनिस खेळायला जाईल अशी खात्री वाटते. आणि मागे दुसरी बाई ब्रश घेऊन तिला रंगवते आहे. पाचशे वर्षं पुरुष चित्रकार आणि नग्न स्त्री या जोडीनं ही जागा अडवून ठेवली होती. लोटेनं तिथे स्वतः उभं राहून दाखवलं, आणि त्यासाठी आवाज चढवण्याची तिला गरज पडली नाही.

जिवंत माणसाला समोर बसवून काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट ठाऊक असते. पहिली वीसेक मिनिटं माणूस फोटोला बसल्यासारखा चेहरा धरून असतो. हनुवटी किंचित वर, ओठ मिटलेले, डोळ्यांत 'मी बरा दिसतोय ना' हा प्रश्न. मग हळूहळू खांदे उतरतात. ओठांची एक कड सैल होते. डोळे समोरच्या भिंतीवरून घसरून आत कुठेतरी जातात. चित्रकाराला जे हवं असतं ते तेव्हा येतं, आणि नेमकं तेव्हाच समोरच्याला मोबाइल आठवतो किंवा पाठ अवघडते. पुढच्या बैठकीला पुन्हा पहिल्यापासून. अनोळखी माणसाच्या बाबतीत ही चढण दर वेळी चढावी लागते. ट्राउटेच्या बाबतीत लोटेला ती चढायचीच नव्हती. ट्राउटे बसली की लगेच स्वतःच असायची. केस विंचरताना, आंघोळीच्या भांड्यापाशी वाकून अंग धुताना, झोपल्यासारखी पडलेली असताना. १९३० चं 'सकाळची आवराआवर' हे चित्र आता वॉशिंग्टनच्या स्त्री-कलाकारांच्या संग्रहालयात आहे. त्यात अंग धुणारी ट्राउटे इतकी निवांत आहे की आपण नकळत नजर बाजूला करावी असं वाटतं.

'पॉट्सडामवरची संध्याकाळ' या चित्राबद्दल सावकाश लिहायला हवं.

१९३० साल. दोन मीटरहून लांब लाकडी फळी. एवढी मोठी फळी घेऊन लोटे रेल्वेनं बर्लिनहून पॉट्सडामला गेली. तिथल्या एका ओळखीच्या घराच्या गच्चीवरून तिनं शहराची क्षितिजरेषा रंगवली; माणसं नंतर स्टुडिओत पूर्ण केली. मॉडेल म्हणजे सगळी मित्रमंडळीच. गच्चीवर टेबल मांडलेलं आहे, पांढरा टेबलक्लॉथ, थोडी फळं, पाव, पेले. जेवण झालंय, किंवा अर्धवट राहिलंय. पाच तरुण माणसं. मधोमध पिवळ्या पोशाखातली मुलगी. टेबलापाशी कुत्रा पडलेला. मागे शहराचे घुमट आणि मनोरे, आणि त्यांच्यावर मावळतीचं राखाडी आभाळ.

बर्लिनच्या नॉये नॅशनलगॅलरीत मी हे चित्र पाहिलं. पुस्तकात बघताना आधी गच्ची आणि आभाळ नजरेत भरतं. समोर उभं राहिल्यावर मात्र डोळे चेहऱ्यांवर जातात आणि लक्षात येतं की या पाचांतलं कुणीच कुणाकडे बघत नाहीये. भांडण झालेलं नाही. कुणी रुसलेलं नाही. दिवसभर गप्पा झाल्यावर, ऊन उतरल्यावर मित्रांच्या टोळक्यात जी एक शांतता येते, ती इथे आहे, पण ती नेहमीपेक्षा थोडी लांबली आहे. मला माझ्या स्वतःच्या मित्रांच्या अशा संध्याकाळी आठवल्या. आमच्यातही कुणी परदेशी निघालेलं असे, कुणाचं लग्न ठरलेलं असे, आणि आता पुन्हा असं बसणं होणार नाही हे सगळ्यांना कळलेलं असे, फक्त ते कुणी बोलत नसे. टेबलाच्या मांडणीमुळे अनेकांना येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण होते. मधली पिवळी आकृती, दोन्हीकडे माणसं, पाव: ते साम्य तिनं जाणूनबुजून आणलं असावं असं मलाही वाटतं.

पुढचा इतिहास माहीत असल्यामुळे आपण या चित्रात भविष्य वाचतो, हे खरं. १९३३ च्या मार्चमध्ये याच पॉट्सडाममध्ये, तिथल्या गॅरिसन चर्चमध्ये हिटलर आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचा, नव्या संसदेच्या उद्घाटनाचा तो प्रसिद्ध समारंभ झाला. १९४५ च्या एप्रिलमध्ये बॉम्बहल्ल्यात जुन्या शहराचा मोठा भाग जळून गेला. लोटेला १९३० मध्ये यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की समोर बसलेली ही माणसं आपली आहेत आणि आज ती गप्प आहेत. तो गप्पपणा तिनं रंगवला. तेवढ्या एका गोष्टीत त्या वर्षीची जर्मनी आपोआप आली.

लोटेचं कुटुंब ख्रिस्ती झालेलं होतं. तिचा स्वतःचाही बाप्तिस्मा झालेला. पण तिच्या चार आजी-आजोबांपैकी तिघं ज्यू. नव्या सरकारच्या हिशोबात ती 'पाऊण ज्यू' ठरली. १९३३ नंतर चित्रं प्रदर्शित करणं बंद झालं, कलाकारांच्या संघटनेतून नाव गेलं, १९३५ मध्ये स्वतःची चित्रशाळा बंद करावी लागली. रंग आणि कॅनव्हास विकत घ्यायलासुद्धा सरकारी सदस्यत्वाचा कागद लागायचा. शहरानं विकत घेतलेलं तिचं कॅफेतल्या बाईचं चित्र 'अवनत कला' ठरवून उचललं गेलं. तिची चित्रं इतकी शिस्तीतली, इतकी परंपरेला धरून होती की शैलीवर बोट ठेवायला नाझींनाही जागा नसावी. त्यांनी बोट ठेवलं ते रंगवणाऱ्या बाईवर.

१९३७ च्या डिसेंबरात स्टॉकहोमच्या गॅलरी मॉडर्नमध्ये तिचं प्रदर्शन ठरलं. प्रदर्शनाच्या निमित्तानं चित्रं देशाबाहेर नेता आली. ती चित्रं घेऊन गेली आणि परतली नाही. पुढच्या वर्षी एका स्वीडिश नागरिकाशी कागदोपत्री लग्न करून तिनं नागरिकत्व मिळवलं. आई आणि बहीण बर्लिनमध्येच राहिल्या. त्यांना बाहेर काढायची तिची धडपड फळाला आली नाही. बहीण लपून राहिली आणि वाचली. आईला पकडून राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत नेलं, तिथे १९४३ च्या जानेवारीत ती गेली. शिक्षक वोल्फ्सफेल्ड १९३९ मध्ये इंग्लंडला निघून गेले होते. टेबलाभोवतीची मंडळी विखुरली. ट्राउटे जर्मनीतच राहिली.

त्या काळात जर्मन भाषेच्या मुलखातून माणसं जगभर फेकली गेली, त्यातली काही आपल्या मुंबईतही आली. बर्लिनचा रूडी फॉन लायडन १९३३ मध्ये आला आणि टाइम्स ऑफ इंडियात चित्रांवर लिहू लागला. ऑस्ट्रियाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि त्यांची ज्यू पत्नी केटे तिसाच्या दशकाच्या उत्तरार्धात आले. लँगहॅमर टाइम्सचे आर्ट डायरेक्टर झाले आणि त्यांच्या घरी आरा, रझा अशी तरुण चित्रकार पोरं जमायला लागली. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटातल्या चित्रकारांचा इतिहास सांगताना ही नावं आपण घेतोच. लँगहॅमरना इथे भोवती नवी माणसं मिळाली, वाद घालायला, शिकवायला, रात्र जागवायला. घर सुटलेल्या माणसाचं पुढचं काम कसं होईल हे पुष्कळसं भोवती कोण आहे यावर ठरतं. लोटे स्टॉकहोमला पोचली तेव्हा तिच्यापाशी होती ती तिची जुनी चित्रं आणि गिऱ्हाइकं शोधायची निकड.

गिऱ्हाइकं तिला मिळाली. काम चोख, साम्य हमखास, वेळेत पूर्ण, आणि समोरच्याला आवडेल अशा बेतानं. स्वीडनमधल्या श्रीमंत घराण्यांत तिचं नाव एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं. घरच्या कर्त्याचं पोर्ट्रेट, मग बायकोचं, मग मुलांचं. काही पोर्ट्रेटं तर खडूत, पटकन केलेली. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी ती कालमार या बाल्टिकच्या काठावरच्या गावी राहायला गेली. समोर ओलांद बेट, उन्हाळ्यात तिथली निसर्गचित्रं. कामात खंड नाही. आयुष्यभरात तिनं केलेल्या चित्रांचा आणि रेखाटनांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगतात.

आता धार गेली या मुद्द्याकडे येते. स्वीडनमधली कमिशनची पोर्ट्रेटं बघितली तर हात तोच आहे हे कुणालाही दिसेल. कपाळावरचा प्रकाश, कानामागची सावली, गळ्यापाशी कपड्याची घडी, सगळं बिनचूक. रंग थोडे गोड झालेत. चेहऱ्यांवर तो पहिल्या वीस मिनिटांचा धरलेला भाव बऱ्याचदा तसाच राहिलाय. पैसे देणाऱ्याला तेच हवं असतं. मलाही सांगतात, जरा हसरे करा. वर्ण थोडा उजळ ठेवा. चष्मा नको, एरवी घालायचे पण चष्मा नको. एक बाई आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या चित्रासमोर पुष्कळ वेळ उभी राहिली आणि म्हणाली, सगळं बरोबर आहे, पण हे घरी असे नसायचे. तिनं दिलेल्या फोटोत ते जसे होते तसेच मी रंगवले होते. घरातला माणूस माझ्यासमोर कधी बसलाच नव्हता.

लोटेच्या चित्रांत दोष आला तो तिनं पैशासाठी काम केलं म्हणून आला, असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे की बर्लिनमध्ये ती काय फुकट रंगवत होती? तिथेही ती विद्यार्थ्यांच्या फीवर जगत होती, चित्रं विकत होती, सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या स्पर्धेत उतरत होती. फरक समोरच्या खुर्चीत पडला. बर्लिनमध्ये त्या खुर्चीत ट्राउटे होती, मित्र होते, शेजारपाजारची ओळखीची माणसं होती. स्वीडनमध्ये खुर्चीत रोज नवं, पैसे मोजलेलं, पाहुण्यासारखं माणूस. व्यक्तिचित्र एकट्या चित्रकाराच्या हातून होत नाही. निम्मं काम समोरचा करतो, आणि लोटेचे ते निम्मे लोक हिसकावून घेतले गेले होते.

याचा पुरावा तिच्याच स्वीडनमधल्या कामात आहे. जिथे खुर्चीत पुन्हा आपलं माणूस आलं तिथे जुना हात जसाच्या तसा परत येतो. १९४१ मध्ये तिनं डॉ. वाल्टर लिंडेनथाल यांचं चित्र केलं. तेही तिच्यासारखेच जर्मनी सोडून आलेले. चित्राचं नाव तिनं 'निर्वासित' असं ठेवलं. त्यात कुणाला खूश करायचं नाही. समोरच्यानं काय गमावलंय हे तिला विचारावं लागलं नसणार. गोड रंग गेले, ब्रश पुन्हा ठाम झाला. तेच तिच्या स्वतःच्या चित्रांचं. आत्मचित्रं ती तरुणपणापासून करत होती. १९२८ चं मांजर मांडीवर घेतलेलं आत्मचित्र आता इंग्लंडमध्ये लेस्टरच्या संग्रहालयात आहे, त्यात ती बघणाऱ्याला जणू जागेवर खिळवते. परदेशात ही आत्मचित्रं ती थेट म्हातारपणापर्यंत करत राहिली. मला तरी यामागे फार गूढ काही दिसत नाही. ओळखीचं, न लाजता बसणारं, काही मागण्या न करणारं एकच माणूस त्या गावात उरलं होतं, ते आरशात होतं.

आणि १९५० चं एक चित्र आहे. बावन्न वर्षांची होत आलेली लोटे उभी आहे आणि तिच्या पाठीमागे 'पॉट्सडामवरची संध्याकाळ'. ते लांबलचक चित्र तिनं बर्लिनहून बरोबर आणलं होतं आणि पुढे कितीतरी वर्षं जवळ ठेवलं. या आत्मचित्रात तिनं ते पुन्हा रंगवलं, स्वतःच्या मागे. ज्यांना रंगवायची तिला सवय होती ती माणसं पुन्हा समोर बसणार नव्हती, तेव्हा तिनं त्यांच्या चित्राचंच चित्र केलं. मी या चित्राचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला रडू आलं. आईच्या मृत्यूला तेव्हा सात वर्षं झाली होती. ती गच्ची, ते शहर, ती संध्याकाळ काहीच उरलेलं नव्हतं, आणि बाई ब्रश हातात घेऊन टेबलाभोवतीचे ते चेहरे पुन्हा एकेक करून भरत होती.

ट्राउटेशी पत्रव्यवहार चालू राहिला. युद्धानं, सीमेनं, दोघींच्या वेगवेगळ्या संसारांनी तो तुटला नाही. त्या पत्रांमुळेच आज अभ्यासकांना लोटेच्या स्वीडनमधल्या वर्षांचा पुष्कळसा तपशील मिळतो.

बाहेरच्या जगात मात्र तिचं नाव पुसलं गेलं होतं. जर्मनीत ती नव्हती. स्वीडनमध्ये ती गावातली पोर्ट्रेट करणारी म्हातारी जर्मन बाई होती. आणि युद्धानंतर सगळीकडे अमूर्त चित्रांचा बोलबाला. माणसासारखं माणूस रंगवणाऱ्याकडे कुणी ढुंकून बघेना. हे मला आपल्याकडेही ओळखीचं वाटतं. आपल्याकडच्या जुन्या वास्तववादी व्यक्तिचित्रकारांची किती तैलचित्रं संस्थांच्या सभागृहांत धूळ खात, पंख्याच्या वाऱ्यावर हलत लटकलेली आहेत, आणि खाली पाटीवर फक्त देणगीदाराचं नाव, चित्रकाराचं नाहीच.

१९८७ मध्ये लंडनमधल्या अॅग्न्यू आणि बेलग्रेव्ह या दोन गॅलऱ्यांनी मिळून तिचं प्रदर्शन भरवलं. लोटे अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि ते यश तिनं स्वतः पाहिलं. इतकी वर्षं घरात राहिलेली बर्लिनची चित्रं भिंतीवर लागली आणि लोकांना कळेना की ही बाई आजवर होती कुठे. २१ जानेवारी १९९३ ला कालमारमध्ये ती गेली. २००३ मध्ये बर्लिनमध्ये तिचं मोठं प्रदर्शन झालं; आना-कारोला क्राउसे या कला-इतिहासकार बाईंनी तिच्यावर केलेल्या चिकाटीच्या कामाचं ते फळ. २०१० मध्ये बर्लिनच्या नॅशनलगॅलरीनं 'पॉट्सडामवरची संध्याकाळ' विकत घेतलं. २०१८ मध्ये फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात आणि त्यानंतर बर्लिनमध्ये पुन्हा तिची चित्रं लागली, रांगा लागल्या.

या पुनर्शोधाचा आनंद मला आहेच. तरीही तक्रार आहे. बर्लिनच्या प्रदर्शनांना जी गर्दी होते ती १९२०च्या दशकाच्या झगमगाटासाठीही होते: आखूड केस, कॅफे, सिगारेट, मोटारसायकल. त्या झगमगाटात लोटे चपखल बसते आणि स्वीडनमधली चित्रं तळघरात परत जातात. स्वीडनच्या मॉडर्ना म्युझेटनं अलीकडे दोन्ही काळ एकत्र मांडणारं प्रदर्शन केलं, ही योग्य सुरुवात झाली.

मला बघायचं आहे ते वेगळंच प्रदर्शन. कालमारच्या आणि आसपासच्या घरांत, बैठकीच्या खोल्यांत, जिन्याच्या वळणावर तिनं रंगवलेले आजोबा, पणज्या, शाळकरी मुलं अजून टांगलेली असणार. ती खाली उतरवून एका मोठ्या दालनात आणावीत. भारी आणि हलकी, दोन्ही. त्यांतली काही मुलं आता सत्तरीची असतील. त्यांना विचारावं की ती बाई काम करताना बोलायची का, किती वेळ बसवायची, कंटाळा आल्यावर काय करायची. आणि त्याच दालनात, एका भिंतीवर, ट्राउटेची चित्रं लावावीत. मग चेहऱ्यांमागून चेहरे बघत जावं आणि कुठे समोरच्यानं खांदे सोडलेत, कुठे ओठांची कड सैल झाली आहे, ते शोधावं. ते काही अनोळखी चेहऱ्यांतही सापडेल याची मला खात्री आहे, कारण पन्नास वर्षं रोज कुणीतरी समोर बसत असेल तर त्यातलं एखादं माणूस कधीतरी विसरून जातं की आपलं चित्र चाललंय, आणि तेव्हा हातात ब्रश लोटेचाच होता.